चंद्रावरचं घर लडाखमध्ये, मग नंदुरबारचा काय संबंध?

१ ऑगस्ट २०२५. लडाखच्या त्सो कार खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार हजार मीटर उंचीवर, दोन माणसं एका घुमटात शिरली आणि पुढचे दहा दिवस चंद्रावर असल्यासारखी राहिली. झोपण्या-राहण्यासाठी आठ मीटर व्यासाचा एक घुमट, त्याला जोडलेला पाच मीटरचा दुसरा घुमट सामानासुमानासाठी. आत स्वयंपाकघर, संडास, मातीशिवाय पाण्यावर भाजी वाढवायची सोय, आणि दिवस-रात्रीचं भान टिकावं म्हणून वेळेनुसार बदलणारे दिवे. या तळाचं नाव ‘होप’, म्हणजे हिमालयन आउटपोस्ट फॉर प्लॅनेटरी एक्सप्लोरेशन. इस्रोच्या पाठिंब्याने बंगळुरूच्या प्रोटोप्लॅनेट या कंपनीने तो उभारला. आदल्याच दिवशी इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी त्याचं उद्घाटन केलं होतं.

त्याच्या आधी नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहमध्ये असाच प्रयोग झाला होता. त्यात इस्रोच्या ह्युमन स्पेस फ्लाइट सेंटरसोबत आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ, लडाखची स्वायत्त पर्वतीय विकास परिषद आणि आपली आयआयटी मुंबई होती. अशा मोहिमांना ‘अॅनालॉग मिशन’ म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचं तर रंगीत तालीम. नाटकाचा पहिला प्रयोग लागण्याआधी सगळ्या चुका तालमीत करून घ्यायच्या, कारण तिकडे गेल्यावर चुकायला वाव नाही.

आता नंदुरबारच्या कॉलेजच्या कट्ट्यावर कुणी विचारेल, ‘हे सगळं ठीक आहे, पण आपला काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. संबंध आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे. पण आधी तालमीचं बघू.

तालीम कशाला?

भारताने दोन तारखा जाहीर केल्या आहेत. २०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस. शुभांशू शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकावर जाऊन आले, पण ते घर दुसऱ्यांनी बांधलेलं होतं. स्वतःचं घर बांधायचं तर त्यात माणूस कसा जगतो, हे स्वतःलाच शिकावं लागतं. ‘होप’मध्ये आयआयटी मुंबई, आयआयटी हैदराबाद, तिरुवनंतपुरमच्या दोन संस्था आणि बंगळुरूची हवाई दलाची वैद्यकीय संस्था यांचे प्रयोग होते ते याचसाठी. शरीरात काय बदल होतात, मनावर काय ताण येतो, दगडाचे आणि सूक्ष्मजीवांचे नमुने नीट कसे गोळा करायचे, हे त्यातले विषय.

तालमीचा फायदा होतो का? १९७१ चं उदाहरण घ्या. अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन हे दोघं हवाई दलातले वैमानिक. दगडांशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण चंद्रावर जाण्याआधी कॅल्टेकचे भूवैज्ञानिक ली सिल्व्हर यांनी त्यांना कॅलिफोर्नियाच्या डोंगरांमध्ये आणि वाळवंटात पुन्हा पुन्हा फिरवलं. समोर काय दिसतंय ते रेडिओवर नीट वर्णन करून सांगायची सवय लावली. पुढे चंद्रावर एका विवराच्या काठावर त्यांना पांढरट रंगाचा वेगळा दगड दिसला आणि तो महत्त्वाचा आहे हे त्यांच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. अॅनॉर्थोसाइट. चार अब्ज वर्षांहून जुना, चंद्राच्या मूळ कवचाचा तुकडा. आज तो ‘जेनेसिस रॉक’ म्हणून ओळखला जातो. डोळा तयार नसता तर तो दगड तिथेच राहिला असता.

दुसरं उदाहरण फसलेल्या प्रयोगाचं, आणि माझ्या मते जास्त शिकवणारं. १९९१ मध्ये अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात आठ माणसं काचेच्या एका प्रचंड बंदिस्त इमारतीत दोन वर्षांसाठी शिरली. नाव बायोस्फिअर २. आत छोटं जंगल, शेती, छोटा समुद्र, सगळं होतं. बाहेरून काहीही घ्यायचं नाही असा नियम. पण हळूहळू आतला ऑक्सिजन कमी व्हायला लागला. हवेत जवळपास २१ टक्के असतो, तो साडेचौदा टक्क्यांच्या आसपास आला. माणसांना जिना चढताना दम लागायला लागला. शेवटी १९९३ च्या सुरुवातीला बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. चोर कोण निघाला? सुपीक मातीतले जिवाणू. खत भरपूर घातलेल्या मातीत ते जोमात वाढले, ऑक्सिजन खात राहिले आणि कार्बन डायऑक्साइड सोडत राहिले. झाडांनी तो घेऊन परत ऑक्सिजन द्यायचा, तर त्यातला बराच कार्बन डायऑक्साइड इमारतीच्या काँक्रीटनेच शोषून घेतला. हिशेबात माती होती, पिकं होती, माणसं होती. काँक्रीट कुणी धरलंच नव्हतं. शिवाय आतल्या आठ जणांचे दोन गट पडले ते वेगळंच.

तिसरं उदाहरण हवाई बेटावरचं. मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर, काळ्या लाव्हाच्या खडकात हाय-सीज नावाचा तळ आहे. २०१८ मध्ये तिथे चार जणांची मोहीम चौथ्याच दिवशी थांबली. एकाला विजेचा धक्का बसला आणि रुग्णालयात न्यावं लागलं. पृथ्वीवर हे शक्य होतं. चंद्रावरून घरी यायला तीन दिवस लागतात, तेही यान तयार असेल तर.

जे तालमीत येत नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण बातम्यांमध्ये ती हरवते. लडाखमध्ये चंद्र तयार होत नाही. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, ते कुठल्याही घुमटात आणता येत नाही. तिथे हवाच नाही, लडाखमध्ये विरळ का होईना पण आहे. अवकाशातला किरणोत्सर्ग नाही. चंद्रावरचा दिवस पृथ्वीच्या सुमारे चौदा दिवसांचा आणि रात्रही तेवढीच. चौदा दिवस ऊन नाही म्हणजे सोलर पॅनेल बंद.

आणि तिथली धूळ! वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे कणांच्या कडा झिजत नाहीत. धूळ काचेच्या चुऱ्यासारखी धारदार राहते. अपोलो १७ चे हॅरिसन श्मिट हे चंद्रावर गेलेले एकमेव व्यावसायिक भूवैज्ञानिक. यानात परतल्यावर त्या धुळीने त्यांचं नाक चोंदलं होतं, पराग-ज्वर झाल्यासारखं.

आणखी एक मोठा फरक मनाचा आहे. घुमटातल्या माणसाला ठाऊक असतं की जिवावर बेतलं तर दार उघडता येतं. २०२३-२४ मध्ये नासाच्या ह्यूस्टन केंद्रात चार जण ३७८ दिवस मंगळाच्या नकली घरात राहिले. कौतुकास्पद आहेच. पण दारापलीकडे ह्यूस्टन शहर आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणून अशा मोहिमांच्या निष्कर्षांकडे थोडं सांभाळून बघावं लागतं. दोन माणसं दहा दिवस आनंदात राहिली, यावरून सहा माणसं सहा महिने राहतील असं म्हणता येत नाही. ‘होप’ची खरी परीक्षा पुढच्या लांब मोहिमांमध्ये होईल.

आता नंदुरबार

चंद्राकडे बघितलं की काळे डाग दिसतात. ते आहेत थिजलेल्या लाव्हाची मैदानं, म्हणजे बसाल्ट. अपोलो ११ उतरलं ते याच बसाल्टवर. आणि आपल्या पायाखाली काय आहे? दख्खनचा बसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. चंद्राचा बसाल्ट त्याहून कितीतरी जुना आणि जवळजवळ पूर्ण कोरडा, त्यामुळे दोन्ही एकच असं नाही. पण घराणं एक आहे.

त्यातही नंदुरबार-धुळ्याचं एक खास वैशिष्ट्य आहे, जे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसतं. शिवारातून जाताना सरळ रेषेत धावणाऱ्या, भिंतीसारख्या उभ्या कातळाच्या टेकड्या तुम्ही पाहिल्या असतील. भूगर्भशास्त्रात त्यांना ‘डाइक’ म्हणतात. जमिनीला पडलेल्या भेगांमध्ये लाव्हा वर चढला आणि तिथेच गोठला. बाजूचा मऊ खडक झिजला, ही भिंत उरली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आयआयटी मुंबईच्या भूवैज्ञानिकांचा सहभाग असलेल्या अभ्यासात या परिसरातल्या एक किलोमीटरहून लांब अशा २१० डाइकची नोंद आहे. साधारण साडेचौदा हजार चौरस किलोमीटरमध्ये त्या पसरल्या आहेत. सगळ्यात लांब डाइक ७९ किलोमीटरची! लाव्हा जमिनीतून वर कसा येतो हे शिकायला जगभरचे अभ्यासक ज्या ठिकाणांकडे बघतात, त्यातलं हे एक. आपण मात्र त्याच्यासमोर बस थांबवून चहा पितो.

दुसरी गोष्ट झिओलाइटची. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक सापडतात. शेजारच्या जळगावचे असे स्फटिक परदेशातल्या संग्रहालयांत मांडलेले असतात. झिओलाइटच्या रचनेत अगदी सूक्ष्म, ठरावीक मापाची छिद्रं असतात, त्यामुळे ते वायूंसाठी चाळणीचं काम करतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हवेतून काढायला झिओलाइटच वापरतात. ते कारखान्यात बनवलेलं असतं, पण जात तीच.

आणि ही चाळणी नंदुरबारने एकदा आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे. २०२१ ची दुसरी लाट आठवा. देशभर ऑक्सिजनसाठी रांगा लागल्या होत्या. तेव्हा नंदुरबारचं नाव देशाच्या बातम्यांत आलं ते वेगळ्या कारणाने, इथे ऑक्सिजन होता. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी सप्टेंबर २०२० मध्येच मिनिटाला ६०० लिटरचा पहिला प्लांट बसवून घेतला होता. पहिली लाट ओसरली, लोक निवांत झाले, तरी पुढचे प्लांट बसवणं थांबलं नाही. एप्रिल २०२१ पर्यंत क्षमता मिनिटाला सुमारे २,४०० लिटरवर गेली होती. हे प्लांट काय करतात? हवा दाबाने झिओलाइटमधून सोडतात. नायट्रोजन अडकतो, ऑक्सिजन पुढे जातो. हवेतून हवा काढायचं हे तंत्र.

चंद्रावरच्या तळाचं मर्म नेमकं हेच आहे. संकट येण्याआधी हिशेब करायचा. किती माणसं, किती श्वास, किती लिटर, एक यंत्र बंद पडलं तर दुसरं कुठे. बायोस्फिअर २ मध्ये जो हिशेब चुकला, तो आपल्या मागास म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्याने त्या वेळी बरोबर केला. असा हिशेब करायला रॉकेट लागत नाही. कुणीतरी आधी बसून आकडेमोड करावी लागते, आणि गरज दिसत नसतानाही खर्च करायची हिंमत लागते.

‘रस्ते नाहीत आणि चंद्र कशाला?’

हा प्रश्न टाळून पुढे जाणं खोटेपणाचं ठरेल. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या कितीतरी पाड्यांवरून आजही आजारी माणसाला, बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून डोंगर उतरवून आणावं लागतं. पावसाळ्यात तर गावाचा संपर्कच तुटतो. नर्मदेच्या काठावर बोट अॅम्ब्युलन्सवर भरवसा ठेवावा लागतो. मग ‘एकांतात, तुटपुंज्या साधनांत माणूस कसा जगतो’ याचा अभ्यास करायला लडाखमध्ये घुमट बांधायची गरज काय, असं कुणीही म्हणेल.

कुणी यावर भावुक होऊन म्हणतं, ‘आमचे आदिवासी बांधव म्हणजे खरे अंतराळवीर.’ हे वाक्य टाळ्या मिळवतं, पण मला ते पटत नाही. घुमटातला माणूस स्वखुशीने जातो, दहा दिवसांनी बाहेर येतो, त्याच्या नाडीचे ठोके मोजायला पाच संस्था असतात. पाड्यावरच्या बाईने हे निवडलेलं नसतं, आणि तिचे ठोके मोजायला नर्स पोहोचेलच याची खात्री नसते. टंचाईला शौर्य म्हटलं की ती दूर करायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

पण म्हणून विज्ञान थांबवा, हेही उत्तर नाही. इस्रोचं बजेट काढून घेतलं तर ते धडगावच्या रस्त्याला मिळेल, असं सरकारी पैशाचं गणित चालत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. दूर बसलेल्या डॉक्टरने रुग्ण तपासणं, वीज गेली तरी चालणारी छोटी यंत्रं, वापरलेलं पाणी पुन्हा शुद्ध करणं, या गोष्टी तालमीत शिकून झाल्या की त्या डोंगरात कधी येणार? ‘होप’सारख्या प्रकल्पाच्या कागदावरच हे कलम असायला हवं, आणि ते आहे का हे विचारायचा हक्क तुम्हाला-मला आहे.

दुसरा धोका ‘रिकाम्या जागे’चा. अशा तळांसाठी निर्जन, ओसाड जागा शोधतात. पण नकाशावर ओसाड दिसणारी जागा खरंच ओसाड असते का? त्सो कार हे रामसर यादीतलं पाणथळ क्षेत्र आहे. तिथे काळ्या मानेचे क्रौंच येतात, चांगपा पशुपालक आपले कळप घेऊन फिरतात. तेव्हा तिथला तळ किती मोठा होतो, कचरा कुठे जातो, यावर लक्ष ठेवावंच लागेल. नंदुरबारला हे वेगळं समजावून सांगायला नको. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, ती याच जिल्ह्याची. आपण फोटोपुरते वापरले जाण्याचाही अनुभव घेतला आहे. २०१० मध्ये देशातलं पहिलं आधार कार्ड टेंभली गावात दिलं गेलं, देशभरचे कॅमेरे आले आणि गेले. उद्या कुणी सातपुड्यात किंवा या डाइकच्या परिसरात ‘मून कॅम्प’ काढायचा म्हटला, तर पेसा कायद्याप्रमाणे ग्रामसभेला विचारणं ही पहिली पायरी असली पाहिजे, शेवटची औपचारिकता नाही.

मग आपण काय करायचं?

तमिळनाडूचं एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. चांद्रयान-२ च्या लँडरची चाचणी घ्यायला इस्रोला चंद्रासारखी माती हवी होती. परदेशातून आणणं महाग. नमक्कल जिल्ह्यातल्या सितमपुंडी परिसरात अॅनॉर्थोसाइट खडक आहे, तोच जेनेसिस रॉकच्या जातीचा. तो दळून माती बनवली, आणि या कामात सेलमच्या पेरियार विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग होता. कुठली आयआयटी नाही, एका जिल्ह्याच्या गावातलं राज्य विद्यापीठ. त्यांनी आपल्या अंगणातला दगड ओळखला होता, एवढंच.

चंद्राच्या उंच भागासाठी माती सितमपुंडीची झाली. काळ्या मैदानांसाठी बसाल्ट लागतो. नासाने जेएससी-१ नावाची नकली चंद्रमाती अॅरिझोनातल्या ज्वालामुखीच्या राखेपासून बनवली होती. आपल्याकडे महाराष्ट्रभर बसाल्ट पसरला आहे, बुलढाण्यात बसाल्टमध्येच तयार झालेलं लोणारचं विवर आहे, आणि नंदुरबार-धुळ्याच्या परिसरात २१० भिंती उभ्या आहेत. आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने आणि इथल्या कॉलेजांनी हे काम हातात घ्यायला कुणाची परवानगी लागते?

सुरुवात मोठी नसावी. भूगोल-भूगर्भशास्त्राच्या मुलांनी आपल्या तालुक्यातली एक डाइक मोजावी, जाडी, दिशा, खडकाचा प्रकार, मोबाइलच्या जीपीएसवर नोंद. केमिस्ट्रीवाल्यांनी स्थानिक बसाल्टची भुकटी करून तिच्यात रोपं जगतात का ते बघावं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोसोबत जिवाणू, युरिया आणि गवारीच्या बियांचा डिंक वापरून नकली चंद्रमातीच्या विटा बनवल्या आहेत. गवार आपल्या शेतात आहे, बसाल्ट आपल्या बांधावर. शेतीवाल्यांसाठी तर मिरची आहेच. नासाने २०२१ मध्ये अंतराळ स्थानकावर मिरची पिकवून दाखवली. अवकाशात जिभेची चव मंदावते, जेवण सपक लागतं, म्हणून अंतराळवीर तिखट मागतात. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवरून रोज जाणाऱ्या मुलाला यात संशोधनाचा विषय दिसायला हरकत नाही. आणि मानसशास्त्र, समाजकार्य, नर्सिंगच्या मुलांनो, तुम्ही यातून बाहेर नाही. दोन गट पडलेल्या आठ माणसांना सांभाळायला इंजिनिअर पुरे पडत नाही.

एक अडचण मात्र आहे, आणि ती पैशाची आहे. जगातल्या अनेक अॅनालॉग तळांवर सहभागी होणाऱ्यांना स्वतः फी भरावी लागते. युटाच्या वाळवंटात दोन आठवडे राहून ‘अॅनालॉग अॅस्ट्रॉनॉट’ असं बायोडाटावर लिहिणारे बहुतेक कोण असतात, हे सांगायला नको. भारतात ही पद्धत रुळण्याआधीच सरकारी पाठिंब्याच्या मोहिमांमध्ये राज्य विद्यापीठांच्या आणि आदिवासी जिल्ह्यांच्या विद्यार्थ्यांसाठी जागा आणि शिष्यवृत्ती हव्यात. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची जवळपास ७० टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. २०४० मध्ये चंद्रावर पाऊल ठेवणारा भारतीय आज बहुधा शाळेत किंवा कॉलेजात असेल. तो कुठल्या शाळेत आहे, याने फरक पडतो.

चांद्रयान-३ ने चंद्राच्या मातीत तापमापक खुपसला होता. पृष्ठभागावर पारा ५० अंशांच्या वर, आणि अवघ्या आठ सेंटिमीटर खाली उणे १० च्या आसपास. चंद्राची माती इतकी चांगली उष्णतारोधक आहे. म्हणून उद्याची चंद्रावरची घरं मातीने झाकलेली असतील. मातीच्या जाड थराने घर थंड-गरम राहतं, हे सातपुड्यातल्या कुठल्याही आजीला विचारा. पुढच्या वेळी शहाद्याहून किंवा तळोद्याहून घरी जाताना खिडकीतून ती काळी भिंत दिसली, तर एकदा उतरून तिला हात लावून बघा. अभ्यासाची सुरुवात तिथूनही होते.